वेग लपवा, वेल्डिंग लपवू नका : ड्रॅगच्या गाड्या बांधणाऱ्या मिस्त्री मंडळींना खुले पत्र

कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबई, नाशिक आणि गोव्यातल्या सर्व मिस्त्री, ट्यूनर आणि वस्ताद मंडळींना सप्रेम नमस्कार.

मी लेथवाला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी शेड आहे आणि तुमच्यापैकी बरेच जण तिथं येऊन गेला आहात. कुणी ब्लॉक बोअर करायला, कुणी हेड फेस करून घ्यायला, कुणी क्रँक दाबून घ्यायला. ड्रॅगचं, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ पट्टीवर कोण आधी पोचतो त्या शर्यतीचं काम घेऊन आलेला माणूस मला दारातच ओळखू येतो. तो आधी शेडमध्ये दुसऱ्या कुणाची गाडी उभी नाही ना ते बघतो, मग फडक्यात गुंडाळलेला ब्लॉक पिशवीतून काढतो, काम होईपर्यंत मशीनपाशी उभा राहतो आणि जाताना म्हणतो, "मालक, कुणाला बोलू नका." मी आजवर बोललेलो नाही. एकाचं माप दुसऱ्याला दिलेलं नाही आणि या पत्रातही देणार नाही. पण काय लपवायचं आणि काय नाही, याबद्दल आपण सगळ्यांनी उघड बोलायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

त्याला कारण घडलं आहे. गेल्या हंगामात आपल्यातल्याच एका मुलाच्या गाडीचा लांब केलेला चिमटा, म्हणजे मागचं चाक धरून ठेवणारा स्विंगआर्म, भर वेगात जोडावरून तुटला. मुलगा वाचला, पण खांद्याचं हाड मोडलं आणि हातातलं काम गेलं. त्यानंतर काही दिवसांनी तुमच्यापैकी एक जण माझ्याकडे बसला असताना खाली मान घालून म्हणाला, की त्याच्याही गाडीला नेमकी त्याच जागी चीर गेली होती, आदल्या हंगामात. त्यानं ती वेळेत पकडली. जोडाच्या आतून नळी घातली, बाजूनं पट्टी मारली, आर्गन वेल्डिंगनं नवा चिमटा बांधला आणि कुणाला काही सांगितलं नाही. हा माणूस वाईट नाही. स्वतःच्या रायडरसाठी पदरचे पैसे घालून चांगलं हेल्मेट आणणारा आहे. त्याच्या मनात एवढंच होतं की गाडीत केलेला प्रत्येक बदल म्हणजे आपली कमाई, ती दुसऱ्याला का द्यायची? पोर्टचं, म्हणजे सिलिंडरमधल्या मिश्रणाच्या आणि धुराच्या वाटेचं, माप आणि चिमट्याचा जोड त्यानं एकाच पेटीत कुलूप लावून ठेवले. मला सांगायचं आहे ते हेच, की या दोन पेट्या वेगळ्या आहेत.

आधी वेगाच्या पेटीबद्दल बोलतो, कारण तुमचा जीव तिच्यात आहे आणि मला तिचा आदर आहे. रात्र-रात्र बसून कानशीनं पोर्ट घासायचा, कागद लावून पेन्सिलनं त्याचा छाप घ्यायचा, कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा जेट बदलायचा, गाडी पळवून आणायची, प्लग काढून त्याचा रंग बघायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. या कामाचे पैसे कुणी देत नाही. बक्षिसाच्या रकमेत एका हंगामाचे पिस्टनसुद्धा निघत नाहीत. मिळतं ते नाव, आणि ते नाव ज्या मापांवर उभं आहे ती मापं माणूस जपणारच. त्याला कोतेपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. शर्यत म्हटली की गुपित आलंच.

पण या पेटीचं कुलूप फार मजबूत नसतं, हेही खरं आहे. तुम्ही ज्या चेंबर पाइपला, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या फुगीर पाइपला, जिवापाड जपता त्याचाच इतिहास बघा. टू-स्ट्रोकच्या पोर्टमधून धूर सुटतो तेव्हा त्याच्याबरोबर दाबाची एक लाट पाइपातून धावते. पाइप रुंद होत जातो तिथून उलटी लाट परत येते आणि सिलिंडर ओढून रिकामा करते, ताजं मिश्रण आत खेचते. पुढं पाइप निमुळता होतो तिथून आदळून परतलेली दुसरी लाट पोर्टमधून बाहेर पडू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते, अगदी पोर्ट बंद व्हायच्या क्षणी. या दोन लाटांची वेळ जुळली की इंजिन चेकाळतं. ही गोष्ट पन्नाशीच्या दशकात पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ गावी, एमझेड कंपनीच्या शर्यत विभागात वाल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरनं शिस्तीनं अभ्यासली आणि १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली. म्हणजे लिटरला २००. तोवर त्या आकाराच्या साध्या हवेवर चालणाऱ्या इंजिनात असं कुणी केलं नव्हतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या क्रिस्टियानस्टाडला शर्यत होती आणि एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेग्नर विश्वविजेतेपदाच्या तोंडाशी होता. शर्यतीत त्याचं इंजिन गेलं आणि त्यानंतर तो पूर्व जर्मनीला परतलाच नाही. सगळी विद्या घेऊन तो सुझुकीकडे गेला आणि १९६२ साली ५० सीसी गटाचं विश्वविजेतेपद सुझुकीच्या नावावर लागलं. ज्या एमझेडनं हे सगळं उभं केलं तिला विश्वविजेतेपद कधीच मिळालं नाही. डेग्नर एका बंदिस्त राजवटीतून बायकामुलांसह निसटला, त्याबद्दल त्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. पण काडेनचा विचार आला की पोटात तुटतं. त्याच्याकडे पैसा नव्हता, चांगला धातू नव्हता, होती ती एवढीच गोष्ट, आणि तीही गेली.

यात आणखी एक भाग आहे, तो सहसा सांगितला जात नाही. पाइपाची मूळ कल्पना काडेनची नव्हती. डीकेडब्ल्यू या जर्मन मोटरसायकल कंपनीच्या एरिक वोल्फनं तसा पाइप आधी वापरला होता. फिरत्या चकतीचा व्हॉल्व्ह डॅनिएल झिमरमान नावाच्या, तुमच्या-माझ्यासारख्या एकट्यानं काम करणाऱ्या ट्यूनरनं आपल्या गाडीला बसवला होता. काडेननं दोघांचं घेतलं, मोजलं, जुळवलं, वाढवलं. मग सुझुकीनं त्याचं घेतलं, आणि जपानी कंपन्यांच्या हातून ती विद्या जगभर पसरत १९८५ साली भारतात आलेल्या ९८ सीसीच्या आरएक्स १०० पर्यंत आली. तुम्ही ज्याला "माझा पाइप" म्हणता त्यात इतक्या जणांचे हात आहेत. मापं तुमची आहेत, ती तुम्ही जपा. पण मुळात कुणीतरी कुणाला तरी काही दिल्याशिवाय, निदान बघू दिल्याशिवाय, तुमच्या हातात काहीच आलं नसतं.

लेथवर उभा राहून मला जे दिसतं तेही सांगतो. कुणाचं नाव घेत नाही. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन ट्यूनर आपापलं खास गुपित म्हणून माझ्यापुढं जी मापं ठेवतात, ती पुष्कळदा एकमेकांच्या अगदी शेजारची असतात. एकानं दुसऱ्याचं चोरलेलं नसतं. इंजिन तेच, पेट्रोल तेच, ४०२ मीटरची पट्टी तीच, त्यामुळे प्रामाणिकपणे काम करणारे दोघं फिरून-फिरून त्याच ठिकाणी पोचतात. खरा फरक पडतो तो जुळवणीत. कुणाचा क्रँक केसभरही डगमगत नाही, कुणाची क्लच प्लेट कधी बदलायची ते त्याला वासावरून कळतं, कुणी सकाळच्या गार हवेला आणि दुपारच्या उन्हाला वेगळा जेट लावतो. हे व्हर्नियरनं मोजून कुणाला नेता येत नाही.

अमेरिकेत, जिथं हा खेळ जन्मला, तिथं हे मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. एनएचआरए या तिथल्या संस्थेच्या स्पर्धांत प्रो स्टॉक नावाचा गट आहे. ५०० घनइंचाचं, म्हणजे सुमारे ८.२ लिटरचं इंजिन, नायट्रस नाही, सुपरचार्जर नाही. सगळ्यांना सारखीच चौकट असल्यामुळे अश्वशक्तीचा एकेक दाणा टिपून काढावा लागतो आणि म्हणून हा गट गुपितांसाठी प्रसिद्ध. बॉनेटवरच्या उंच नाकाडाखाली दोन कार्ब्युरेटर, त्याखाली हातानं घडवलेला मॅनिफोल्ड. गाडी धावून आली की इंजिनावर कापड पडायचं. तिकीट काढून आलेल्या लोकांना गाडीची मागची बाजू आणि मेकॅनिकच्या पाठी एवढंच दिसायचं. २०१६ च्या हंगामापासून संस्थेनं नियमच बदलले. नाकाड काढा, कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणा, इंजिन मिनिटाला १०,५०० फेऱ्यांच्या वर जाणार नाही, आणि पिटमध्ये, म्हणजे संघांच्या तळावर, गाडी तोंड बाहेर करून उभी करा म्हणजे लोकांना इंजिन दिसेल. कार्ब्युरेटरवर आयुष्य घालवलेल्या माणसांची विद्या एका हिवाळ्यात मोडीत निघाली. त्यांच्या बाजूनं विचार केला तर तो फार कठोर निर्णय होता.

पण पुढं काय झालं ते महत्त्वाचं आहे. इंजिनं उघड्यावर आली, नियम सगळ्यांना एकच, तरीही २०१६ चा हंगाम केबी रेसिंग या संघाच्या जेसन लाइन आणि ग्रेग अँडरसन या दोघांनी गाजवला आणि विजेतेपद लाइनला मिळालं. समोरून बघून ते इंजिन कुणाला उचलून नेता आलं नाही. कॅमशाफ्टची चढण, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, पोर्टचा आतला बाक, घर्षण कमी करायच्या शंभर बारीक गोष्टी आणि या सगळ्यांचा मेळ, हे कापड काढलं म्हणून दिसत नाही.

आणि जे झाकलेलं आहे त्याची चहाडी घड्याळ करतं. ड्रॅगची टाइम स्लिप नुसती शेवटची वेळ सांगत नाही. ६० फुटांवरची वेळ, ३३० वरची, अर्ध्या अंतरावरची, १,००० फुटांवरची, शेवटचा वेग, सगळं छापून येतं. एखादी गाडी पहिल्या ६० फुटांत अचानक सुधारली आणि शेवटचा वेग तोच राहिला, तर जाणत्या माणसाला कळतं की इंजिनाला हात लागलेला नाही, क्लच, टायर, वजन किंवा चिमट्याची लांबी बदललेली आहे. सुरुवात तीच राहून शेवटचा वेग वाढला, तर पाइप किंवा पोर्ट. तुम्ही गाडीवर कापड टाकता, पण कुठं शोधायचं ते प्रतिस्पर्ध्याला आधीच छापून मिळालेलं असतं. म्हणून काही जण मुद्दाम शेवटी थ्रॉटल सोडतात, खरा वेग दाखवत नाहीत. चालायचंच. तो खेळाचा भाग आहे.

पेटंट घ्यावं का, असं अधूनमधून कुणी मला विचारतं. घ्यायला हरकत नाही, पण ते काय असतं ते समजून घ्या. आपल्याकडे पेटंट २० वर्षं टिकतं, आणि त्या बदल्यात तुम्हाला तुमची कृती लेखी उघड करावी लागते. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि कुणीही तो वाचू शकतो. तुम्ही नवीन बनावटीचा क्लच काढला आणि तो बाजारात विकायचा असेल, तर पेटंटचा विचार करा आणि गाडी लोकांपुढं आणण्याआधी वकिलाला भेटा, कारण एकदा गोष्ट उघड झाली की नावीन्य संपतं. पण पोर्टच्या मापासाठी पेटंट म्हणजे स्वतःच्या हातानं कुलूप उघडून देणं आहे. गुपितासाठी वेगळा कायदा आपल्याकडे अजून नाही. विधी आयोगानं मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात तसा कायदा सुचवला आहे. तोवर लेखी करार आणि दिलेला शब्द, एवढाच आधार. मी माझ्या शेडमध्ये दिलेला शब्द पाळतो. तुमचा वेल्डर, तुमचा पाइप वळवणारा, तुमच्या हाताखालचा मुलगा, यांच्याशी स्पष्ट बोलून घ्या.

हाताखालच्या मुलांवरून एक गोष्ट बोलायची आहे. आपल्या कोल्हापुरात तालमीतलं एक वाक्य गॅरेजातही आलं आहे, की वस्तादानं सगळे डाव शिकवावेत, एक राखून ठेवावा. मला ते कधी पटलं नाही. आखाड्यात वस्तादाला निदान स्वतःचं वय झाल्यावर शिष्यानं अंगावर येऊ नये एवढी धास्ती असेल. गॅरेजात राखून ठेवलेला डाव वस्तादाबरोबर सरणावर जातो. आपल्याकडे दोन-तीन अशी माणसं होऊन गेली, ज्यांनी घासलेले ब्लॉक अजून लोक दाखवायला आणतात आणि विचारतात, "हे असं का केलं असेल?" सांगणारं कुणी नाही. वही नाही, छाप नाही. मुलगा दुसऱ्या गॅरेजात गेला तर माप नेईल, ही भीती मला कळते. अमेरिकेतला नामवंत ड्रॅग चालक जॉन फोर्स, त्याच्या गाड्यांचा प्रमुख मेकॅनिक ऑस्टिन कॉइल १९८५ पासून २०१० पर्यंत त्याच्याच संघात राहिला आणि त्या काळात फोर्सनं १५ विजेतेपदं मिळवली. तिथं ११,००० अश्वशक्तीच्या आसपासच्या गाड्या आहेत, ९० टक्के नायट्रोमिथेन असलेल्या इंधनावर चालतात, आणि धावताना संगणक नुसती नोंद घेतो. इंजिन किंवा क्लच त्याला सांभाळू देत नाहीत. क्लच किती आणि केव्हा धरणार हे माणसानं आधी ठरवून लावायचं असतं. म्हणजे सगळं गुपित त्या माणसाच्या डोक्यात. फोर्सनं त्याच्यापासून काही लपवून संघ टिकवला नाही. त्याला मान दिला, नाव दिलं, लोकांपुढं श्रेय दिलं. तुमच्या मुलाचं नाव गाडीच्या टाकीवर तुमच्या नावाशेजारी लिहून बघा. आणि वही लिहा. कुलूपबंद ठेवा, पण लिहा.

आता दुसरी पेटी.

८ मार्च १९७० रोजी लॉस एंजेलिसजवळच्या लायन्स पट्टीवर डॉन गार्लिट्स या नावाजलेल्या ड्रॅग चालकाच्या गाडीचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला. त्या काळच्या ड्रॅगस्टरमध्ये, म्हणजे खास ड्रॅगसाठी बांधलेल्या लांबट गाडीत, चालक मागच्या चाकांच्याही मागे बसायचा, इंजिन पुढ्यात आणि क्लच-गिअरबॉक्स दोन पायांच्या मध्ये. काहीही फुटलं की तेल, आग, लोखंड थेट त्याच्या अंगावर. गाडीचे दोन तुकडे झाले, गार्लिट्सच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला, प्रेक्षकांमधला एक तरुणही गंभीर जखमी झाला. दवाखान्यातून बाहेर पडलेल्या गार्लिट्सनं फ्लोरिडातल्या आपल्या गॅरेजात टी. सी. लेमन्स आणि कॉनी स्विंगल यांना घेऊन इंजिन चालकाच्या मागं असलेली गाडी बांधली. असे प्रयत्न आधीही झाले होते, पण त्या गाड्या सरळ जात नसत. स्टिअरिंग कमी चपळ केलं की गाडी ताब्यात राहते, ही मेख या तिघांना सापडली. १९७१ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या पोमोनाची विंटरनॅशनल्स ही मोठी शर्यत गार्लिट्सनं त्याच गाडीवर जिंकली. हळूहळू त्या गटातल्या सगळ्या गाड्यांची इंजिनं मागं गेली. त्यानंतर फुटलेल्या प्रत्येक क्लचबरोबर कुणाचा तरी पाय वाचला असेल.

कुणी म्हणेल, गार्लिट्सचं इंजिन मागं आहे हे दिसतच होतं, लपवणार काय? बरोबर आहे. म्हणून दुसरं उदाहरण देतो, जिथं लपवता आलं असतं. मार्च २००७ मध्ये फोर्सच्या संघातला तरुण चालक एरिक मेडलेन फ्लोरिडात गेन्सव्हिलला सराव करत होता. या गाड्यांचा मागचा टायर कधीकधी पकड सोडतो-धरतो आणि सगळी गाडी इतक्या जोरात हादरते की चालकाला समोरचं दिसत नाही. त्या दिवशी ते हादरे असे आले की एरिकचं डोकं चालकाभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याच्या नळ्यांवर आपटत राहिलं. चार दिवसांनी तो गेला. त्याचे वडील जॉन मेडलेन हेच त्याच्या गाडीचे प्रमुख मेकॅनिक होते. त्या बापानं मुलाच्या नावानं सुरक्षिततेचं काम हाती घेतलं. चौकट कशी असावी, डोक्याभोवतीचा पिंजरा आणि त्याची गादी कशी असावी, हे संघानं नव्यानं शोधलं आणि जे सापडलं ते प्रतिस्पर्धी संघांपुढं ठेवलं. ज्यांच्याशी दर आठवड्याला सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी झुंज, त्यांच्यापुढं. फोर्सच्या गाडीचा क्लच कसा लावतात हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

आपल्याकडे या दुसऱ्या पेटीत काय-काय येतं? चिमट्याचा जोड, पहिल्यांदा. गाडी सुटताना पुढचं चाक उचलू नये म्हणून चिमटा लांब करता, किती लांब ते सांगू नका, पण जोड कसा मारला, आत नळी घातली की नुसती कडेला कड लावून झाळली, आणि चीर कुठून सुरू झाली, हे सांगा. चेन तुटली तर कोणत्या कडीवर तुटली. क्लच हाउसिंगचे रिव्हेट सैल झाले का. थ्रॉटल अडकला तर केबलमुळे की स्लाइडमुळे. हाताला बांधायच्या दोरीचा किल स्विच खरोखर इंजिन बंद करतो का, की नुसता तपासणीपुरता लावलेला आहे. तो तसा लावलेला मी पाहिला आहे.

काही गोष्टी दोन्ही पेट्यांच्या सीमेवर आहेत हे मला कबूल आहे. इथेनॉलचंच घ्या. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणजे जुना जेट ठेवला की मिश्रण पातळ पडतं, हवा जास्त आणि इंधन कमी. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण म्हणजे तापलेला पिस्टन, आणि भर वेगात पिस्टननं धरलं, म्हणजे तो सिलिंडरमध्ये अडकला, की मागचं चाक जाम. क्लचवर बोट नसेल तर रायडर जमिनीवर. शिवाय ते पाणी ओढतं आणि जुन्या सिलांचं रबर खातं. तुम्ही कोणता जेट लावून यातून वाट काढली ते वेगाच्या पेटीतलं आहे. पण तुमचं पिस्टन धरलं, पेट्रोल बदलल्यावर धरलं, हे दुसऱ्या पेटीतलं आहे आणि ते त्याच दिवशी सगळ्यांना कळलं पाहिजे. जेटचा नंबर न सांगताही हे सांगता येतं.

तपासनीसाबद्दल एक शब्द. तुमच्यापैकी काहींना तपासणी म्हणजे चोरीची वाट वाटते, आणि त्यात तुमची सगळीच चूक नाही. तक्रार झाली की इंजिन उघडतं, भोवती घोळका जमतो, मोबाइल वर होतात आणि तुमची वर्षाची मेहनत संध्याकाळपर्यंत चार गावांत पोचते. हे थांबलं पाहिजे. आपण सगळ्यांनी मिळून आयोजकांकडे लेखी मागणी करू, की इंजिन बंद खोलीत उघडावं, आत फक्त तपासनीस आणि गाडीचा मिस्त्री असावा, मोबाइल बाहेर राहावेत, तपासनीसाचा स्वतःचा किंवा नात्यातला संघ त्या गटात नसावा, आणि बाहेर फक्त एवढंच जाहीर व्हावं की गाडी नियमात बसते की नाही. माप जाहीर करायची गरज नाही. पण त्याच्या बदल्यात तपासनीसापासून काहीही लपवायचं नाही. गटाच्या सीसीपेक्षा मोठा बोअर झाकणं हे गुपित नाही, ती फसवणूक आहे. तसलं काम घेऊन माझ्याकडे येऊ नका. मी बोअर करून देणार नाही.

आणि रायडर. चिमटा कुठं जोडला आहे, किल स्विच कुठं आहे, गाडीत काल रात्री काय बदललं, हे गाडीवर बसणाऱ्याला माहीत नसतं असं मी अनेकदा पाहिलं आहे. "त्याला सांगितलं तर तो चहाच्या टपरीवर बोलेल." बोलू दे. एकोणीस-वीस वर्षांचं पोर तुमच्या जोडावर विश्वास टाकून बसतं. त्याला पोर्टचं माप नको आहे, पण जोडाबद्दल विचारायचा त्याचा हक्क आहे.

मी माझ्यापरीनं सुरुवात करतो आहे. माझ्या शेडमध्ये दारालगतच्या भिंतीला एक लोखंडी फळी लावली आहे. तिच्यावर तुटलेले भाग ठेवायचे. चेनच्या कड्या, चिरलेले जोड, धरलेले पिस्टन, फुटलेली हाउसिंगं. कुणाच्या गाडीचा भाग आहे ते लिहायचं नाही. काय होता, कुठून तुटला, किती पळाला होता आणि नंतर काय बदललं, एवढं एका चिठ्ठीवर लिहून बांधायचं. चिठ्ठी लिहिता येत नसेल तर मला सांगा, मी लिहीन. बाहेरगावच्या मंडळींनी फोटो पाठवले तरी चालेल, मी छापून लावीन. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी आपापल्या गावात अशीच फळी लावावी. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी पिटमध्ये एक टेबल मिळालं तर हे सगळं तिथं नेऊन मांडायची माझी तयारी आहे. नेण्या-आणण्याचा खर्च माझा.

ज्याच्या गाडीला आदल्या वर्षी चीर गेली होती, त्यानं आपला तो जुना चिमटा जपून ठेवला आहे. मी त्याच्याकडे मागितला आहे. त्यानं अजून हो म्हटलेलं नाही. हे पत्र तो वाचेल. भाऊ, तुझं नाव कुठंही येणार नाही, तेवढा जोड आणून दे.

बंद खोलीतल्या तपासणीच्या मागणीचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. सह्या करायला कधीही या, दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी सोडून.

कळावे, लोभ असावा.

आपला,
उद्यमनगरातला लेथवाला